काठ व्हायचाय अजून

माझ्या थोरल्या जाऊबाई यंदा माझ्या तोंडाकडे बघेनाशा झाल्या. बोलताना मान जराशी वळवायच्या आणि माझ्या कानाकडे बघत बोलायच्या. आता याचा अर्थ मी काय घ्यायचा? त्यांचं माझं पटायचं ते भांडणापुरतंच, हे सगळ्या घराला माहीत होतं. पण भांडायचं तरी तोंडाकडे बघून भांडावं की नाही?

बाई मोठ्या खमक्या. सगळी उमर पडद्यांच्या दुकानात गेली. खालची दुमड, कोपरे, झालर, म्हणजे पडद्याला जिथे जिथे कड असते ते सगळं त्यांच्या हातचं, म्हणून दुकानात त्यांना काठबाई म्हणायचे. दुकानाचे मालक बदलले, काठबाई बदलल्या नाहीत. कोणाच्या घरी गेल्या की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी त्या पडद्याचं टोक उलटून बघायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसतं "हं" करायच्या. त्या "हं"मुळे आमचे किती नातेवाईक दुरावले याचा हिशोब नाही.

काम सोडलं तेव्हा त्यांनी दुकानातून नमुन्याच्या कापडांचं एक गाठोडं आणलं आणि मला म्हणाल्या, "बस इथे. गोधडी करायचीय." मला शिवणकाम येत नाही, असं मी सांगितलं. "येत नाही ते दिसतंच आहे, म्हणून तर बस म्हणतेय," असं उत्तर मिळालं. तेव्हापासून जेवणाचं टेबल दुपारभर आमच्या ताब्यात. कागदाचा षटकोनी साचा, त्यावर कापड दुमडून कच्चा दोरा घालायचा, मग एका षटकोनाच्या कडेला दुसऱ्याची कड लावून बारीक टाके. थोरल्या दिरांचे जुने शर्ट त्यात गेले, पुतणीचे लहानपणीचे फ्रॉक गेले, माझा एक चांगला झगाही मला न विचारता गेला.

शेवटी काठ आला. षटकोनांची गोधडी चारी बाजूंनी दातेरी असते, टोक, खाच, टोक, खाच. सोपा मार्ग म्हणजे टोकं कात्रीने सरळ उडवायची आणि पट्टी जोडायची. अवघड मार्ग म्हणजे एकेका टोकाला वळसा घालत, एकेका खाचेत शिरत कापडाचा अरुंद गोट लावत जायचं. जाऊबाईंचं मत कधीच ठरलेलं होतं. "षटकोन कापणारीचे हात बांधून ठेवावेत," त्या म्हणायच्या. "टोकाला थांबायचं, खाचेत दुमडायचं. घाई असेल तिने चादर विकत आणावी."

मला काही घाई नव्हती, उलट हा काठ जितका लांबेल तितका मला हवाच होता. थोरले दीर गेल्यापासून पुतणी आईला सारखी म्हणत होती, माझ्याकडेच राहायला ये. आणि जाऊबाईंचं दर वेळचं उत्तर होतं, "गोधडीचा काठ झाला की सांगते." मी ते ऐकायची आणि मनात टोकं मोजायला लागायची. पुष्कळ होती. त्या गेल्या तर या घरात उरणार मी आणि आमचे हे. हे स्वभावाने सोन्यासारखे, पण त्यांच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीशी टेनिस खेळायचं, तेसुद्धा भिंत चेंडू परत देत नसताना.

आणि मग सगळंच विचित्र व्हायला लागलं. जाऊबाईंनी एका बाजूला गोट लावायला घेतला आणि दुसऱ्या दिवशी उसवला. परत लावला, परत उसवला. म्हणे दोरा वाईट आहे. मग म्हणे सुई वाईट आहे. मग वाईट असायची पाळी माझ्यावर आली. एका दुपारी त्यांनी रीळ माझ्यापुढे धरलं.

"हा करडाच ना गं?"

रीळ चांगलं निळं होतं. करडा आणि राखाडी यांतला फरक मला शिकवण्यात ज्यांनी माझी वर्षं घालवली, त्या मला हे विचारतात? मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी म्हटलं, "तुम्हीच ओळखा की, काठबाई तुम्ही."

आता उलटा टोला यायला हवा होता. आला नाही. त्यांनी रीळ डब्यात ठेवलं आणि हात पुसत बसल्या. जाऊबाई गप्प राहू शकतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

त्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "टोकं कापून टाकू. सरळ पट्टी लावू, एकदाचं मोकळं होऊ."

"कापू? षटकोन?"

"हो, षटकोन. बहिरी झालीस का?"

मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "कापू दे की. गोधडीच तर आहे." भिंतीकडून चेंडू आला, पण कुठे गेला ते तुम्हीच बघा.

मला उलगडा होईना. नियम त्यांचा, हट्ट त्यांचा, आणि तोडायलाही त्याच निघाल्या. दुसऱ्या दिवशी फोनवर त्या पुतणीला सांगताना मी ऐकलं, "झालाच गं काठ. रविवारी ये न्यायला." म्हणजे असं होतं तर! जायची घाई झाली म्हणून टोकांवर कात्री. तोंड न बघण्याचं कारणही माझ्या डोक्यात मग नीट बसलं. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी बोलणं बंद केलं.

शनिवारी दुपारी त्यांनी गोधडी टेबलावर पसरली. मोजपट्टी घेतलीच नाही, नुसता खडू घेतला. मी दारात हाताची घडी घालून उभी होते, कापूनच दाखवा म्हणत. खडूची रेघ निघाली, टोकांवरून नीट गेली, मग हळूच आत वळली, दिरांच्या निळ्या शर्टाच्या मधोमध चढली, पुढे गोधडी सोडून टेबलाच्या प्लास्टिकवर उतरली आणि तशीच चालत राहिली. जाऊबाईंनी खडू खाली ठेवला आणि समाधानाने कात्री उचलली.

मी जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"ताई, रेघ कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? ही काय."

त्यांचं बोट कडेच्या टोकांवर होतं. रेघ तिथून हातभर दूर होती.

त्या आधी चिडल्या. हात सोड म्हणाल्या, आगाऊ म्हणाल्या, आणि मग खुर्चीवर बसल्या. "मधलं दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "मध्ये सगळं पुसल्यासारखं. कडेकडेचं तेवढं दिसतं. तुझं तोंड बघायचं तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

"मला वाटलं, तुम्हाला माझं तोंड बघायचं नाही."

"ते तर नाहीच," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

मैत्रिणीकडे जाते सांगून त्या एकट्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. उरलं आहे ते टिकवता येईल, गेलेलं येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "पोरीकडे जायचं काही मनात नाही माझ्या," त्या म्हणाल्या. "पण ती पोटची आहे, तिला करणं भागच आहे. तू कोण माझी? उद्या तुलाच माझा हात धरून फिरवावं लागलं तर? त्याआधी निघालेलं बरं."

मला इतका राग आला, इतका राग आला की मी रडायलाच लागले. रडता रडता ओल्या फडक्याने आधी ती रेघ पुसली. मग जाड दोरा घेतला आणि एका टोकाच्या शेंड्यावर गाठ मारली. पुढच्या टोकावर दुसरी, त्याच्या पुढच्यावर तिसरी.

"काय करतेस?"

"बोट लावून बघा."

त्यांनी कडेवरून बोट नेलं. गाठीशी ते अडलं, खाचेत घसरलं, पुढच्या गाठीशी पुन्हा अडलं. मी सुई ओवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला आणि बोटाच्या मागोमाग गोट लावत निघाल्या. टोकाला थांबत, खाचेत दुमडत. मला वर्षानुवर्षं जमलं नव्हतं इतकं स्वच्छ.

"टाके कसे आहेत?" त्यांनी विचारलं. हेही त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं.

मी कड उलटून बघितली आणि "हं" म्हटलं.

"मेली!" जाऊबाई म्हणाल्या.

संध्याकाळी पुतणीचा फोन आला, उद्या किती वाजता येऊ म्हणून. मी जाऊबाईंना खुणावलं, मग खूण दिसणार नाही हे आठवून मोठ्याने म्हटलं, "डोळ्यांचं आधी सांगा तिला. सगळं सांगा." त्यांनी सांगितलं. पलीकडून बराच वेळ रडणं आणि रागावणं ऐकू येत होतं. ते ओसरल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "ये ना उद्या, जेवायलाच ये. पण मला न्यायला नको. काठ व्हायचाय अजून."

फोन ठेवून त्या पुन्हा टेबलाशी बसल्या आणि कडेवरून बोट फिरवायला लागल्या. खाच, टोक, खाच.

"ऐकतेस का? ते कागदाचे साचे काढ."

"आता कशाला?"

"इतक्या खाचा रिकाम्या आहेत," माझ्या कानाकडे बघत त्या म्हणाल्या. "अजून एक ओळ सहज बसेल."