पाण्यापर्यंतची वाळू

समुद्रात पोहण्याची ती शर्यत घाटाखाली कोकणातल्या एका गावात भरते. परदेशातूनही माणसं येतात. माझी सून तिथं दरवर्षी जाते. ती कोल्हापुरातली, शिक्षकाच्या घरातली, लहानपणी तलावात पोहायला शिकलेली. मी शिकले विहिरीत. वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधला आणि काठावरून ढकलून दिलं. चौथीनंतर शाळा सुटली, पण विहीर सुटली नाही. सासरी आल्यावरसुद्धा दुपारी मळ्यात कुणी नसलं की मी साडीचा काष्टा घालून उडी टाकायची.

एका उन्हाळ्यात सुनेनं मला बघितलं. ती जेवणाचा डबा घेऊन आली होती, मला कळलंच नाही. पायऱ्या चढून वर आले तर ही काठावर बसलेली. म्हणाली, "आई, पाण्यात तुम्ही कुणाला लाजत नाही हो." मग काही दिवसांनी तिनं सांगितलं की साठीपुढच्या बायकांसाठीही तिथं एक छोटी शर्यत असते आणि तिनं माझं नाव घातलंय. मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायचीही मला लाज वाटते.

ह्यांना कळलं तेव्हा ते जेवत होते. हसू आवरेना त्यांना. "समुद्रात म्हसरं धुवायला चाललीस व्हय?" मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, "त्या गोऱ्या बायकास्नी आपली मुटक्याची उडी दाखीव. लाटा हटतील मागं." मी त्यांच्या ताटात आमटी वाढली.

साडीवर तिथं पोहू देत नाहीत. सुनेनं माझ्यासाठी काळा पोशाख आणला, बाह्या कोपरापर्यंत, पाय घोट्यापर्यंत झाकणारा. घरात कुणी नसताना दार लावून घालून बघितला. अंगाला बरोबर बसला. आरशासमोर मात्र गेले नाही.

आम्ही दोघी गगनबावड्याच्या घाटानं उतरलो. गावात पोचल्यावर सुनेनं आधी मला समुद्र दाखवला. मी ओटी नेली होती, खण आणि नारळ. ती पाण्यात सोडली, हात जोडले. पाणी पायाला लागलं तेव्हा भीती वाटली नाही. उलट वाटलं, जमेल. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

सकाळी पोशाख आतून घातला आणि वरून साडी नेसले. मांडवात एका मुलीनं माझ्या हाताच्या मागच्या बाजूला काळ्या शाईनं आकडा लिहिला. सुनेची शर्यत लांबची, तिला होडीनं आत नेणार होते. जाताना तिनं सांगितलं, नाव पुकारलं की साडी मांडवात ठेवा आणि सगळ्यांबरोबर चालत पाण्यात जा, बाकी तुम्हाला येतंच. ती गेली.

बाकी येतच होतं मला. अडलं ते चालण्यापाशी. विहिरीला चालावं लागत नाही. काठावरून उडी टाकली की पाणी अंग झाकतं, मग कुणी बघितलं तरी दिसतं फक्त डोकं. इथं मांडवापासून पाण्यापर्यंत नुसती वाळू, आणि वाळूच्या दोन्ही अंगाला माणसं, खुर्च्या, मोबाईल धरलेली पोरं. एवढ्या माणसांतून, साडीशिवाय, अंगाला चिकटलेल्या त्या कपड्यात मी चालत जायचं होतं. हे घरी असताना मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सुनेला सांगावंसं वाटलं नसेल, कारण तिच्या लेखी ते काही नव्हतंच.

भोंग्यावर साठीपुढच्या बायकांना बोलावलं. माझंही नाव घेतलं. मी पदराला हात घातला, निरीपर्यंत नेला आणि तिथंच धरून उभी राहिले. बायका निघाल्या. कुणी जाड, कुणी सुरकुतलेल्या, गप्पा मारत चाललेल्या. सगळ्यांच्या मागं एक परदेशी बाई होती, माझ्याहून बरीच म्हातारी, काठी टेकत येणारी. मांडवाच्या तोंडाशी मी उभी होते. तिला वाटलं असावं मी तिथली मदतनीस. तिनं हसून काठी माझ्या हातात दिली आणि लंगडत लंगडत पाण्यात गेली. तिच्याकडं कुणीच बघत नव्हतं. खरं तर कुणाकडंच कुणी बघत नव्हतं.

शर्यत होईपर्यंत मी ती काठी धरून उभी होते. ती बाई शेवटच्या दोघींत बाहेर आली, धापा टाकत, आनंदानं लाल झालेली. मी पुढं होऊन काठी दिली. तेव्हा तिला माझ्या हातावरचा आकडा दिसला. तिनं तिच्या हातावरचा आकडा दाखवला, मग माझ्याकडं बोट केलं आणि काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही. प्रश्न कळला. मी हात पदराखाली घेतला.

सून परत आली तेव्हा तिनं माझी कोरडी साडी बघितली. टॉवेलनं केस पुसत एवढंच म्हणाली, "आज पाणी किती निवांत होतं, आई." परतीच्या वाटेवर ती झोपली. माझ्या अंगात साडीखाली तो पोशाख तसाच होता, घामानं भिजलेला.

घरी हे ओट्यावर वाट बघत बसले होते. मी पाण्याचा तांब्या दिला तेव्हा त्यांनी माझा हात धरून आकडा बघितला.

"पवलीस?"

"न्हाय."

मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "डेअरीवर समद्यास्नी सांगून आलो की मी. आमची समुद्रात पवतीया म्हणून."

शाई दोन-चार दिवसांत गेली. डेअरीवर त्यांना लोकांनी काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं, ते त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. सूनही पुढच्या वर्षी चला म्हणाली नाही. म्हणाली असती तर काय केलं असतं, हे मला अजून कळत नाही.

दुपारी मी अजून विहिरीत उतरते. पाणी चांगलं असतं. पण विहिरीत कितीही हात मारले तरी माणूस गोल फिरून त्याच पायरीशी येतं. पूर्वी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.