गिटारची गादी

गफ्फारभाई गादीवाल्यांनी मलकापुरात नवरीच्या गाद्या भरल्या, बाळंतिणीच्या भरल्या, एकदा तर एका लाडावलेल्या मांजरीचीही भरली. पण गिटारची गादी भरायची वेळ साठीत आली, आणि स्वारी घरात लग्न निघाल्यासारखी नाचू लागली.

त्यांची लेक उमैमा मुंबईत नोकरी करता करता शिडाची बोट चालवायला शिकली होती. आता आणखी तिघांसोबत ती मुंबईहून कोचीला निघाली होती, वीस दिवस, निव्वळ वाऱ्याच्या जोरावर. त्याआधी चार दिवस ती मलकापूरला घरी आली होती. गिटारही न्यायची होती. बोटीच्या कप्तानबाईंची अट एकच: बोटीत जागा इवलीशी, कडक पेटी चालणार नाही, मऊ खोळ हवी.

"मऊ म्हनते ना? मंग मले काऊन नाही इचारलं आधी?" म्हणत गफ्फारभाईंनी गिटार कापडावर आडवी ठेवून खडूने आखली. चांगल्यातला चांगला कापूस पिंजून अशी खोळ शिवली, की शेजारपाजारचे दाबून पाहायला आले.

निघायच्या दिवशी सकाळी उमैमाने खोळीचा फोटो पाठवला. कप्तानबाईंचं उत्तर लगेच आलं. कापूस खारी हवा पितो आणि मग वाळत नाही, ओल गिटारच्या लाकडात उतरेल. दुसरी खोळ नसेल तर गिटार घरीच ठेव.

"राहू द्या अब्बा," उमैमा म्हणाली. "मी तशीच जाईन." पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि गाडी संध्याकाळची होती.

समोरच अर्जुनरावांचं फोमच्या गाद्यांचं दुकान. ते उघडल्यापासून गफ्फारभाईंचं निम्मं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं होतं. नऊ वर्षांत त्यांनी त्या दुकानाची पायरी चढली नव्हती. फोमचं नाव निघालं तरी ते तोंड फिरवत. आज भर बाजारात, सगळे बघत असताना चढले.

"पानी न पिनारा फोम असन त द्या," ते म्हणाले. "पोरीची गिटार समुद्रावर जाऊन राह्यली."

अर्जुनराव गल्ल्यावरून उठले. मग त्यांनी तीन नमुने काढले. गफ्फारभाईंनी तिन्ही बादलीत बुडवून पिळले. तिसऱ्याने पाणी धरलंच नाही. लगेच खोळ उसवली, कापूस बाहेर, फोम आत, वरून ताडपत्री. गफ्फारभाईंची दाभण भराभर चालली होती आणि अर्जुनराव दोरा ओवून देत होते.

चार वाजता नवा फोटो गेला. "आता घेऊन ये," उत्तर आलं. उमैमाने अब्बांना मिठीच मारली. गफ्फारभाईंनी आनंदाने खोळ पुन्हा एकदा दाबून पाहिली.

स्टेशनवर ओळखीच्या एकाने खोळ दाबून विचारलं, "कापूस कोनता भरला, गफ्फारभाई?"

"फोम हाये," ते अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाले. "माह्या हातानं भरला."