चिखलाचे पाय

जुन्नरजवळच्या द्राक्षांच्या शेडवर मी खोकी पोचवायचो. तिथला सुपरवायझर ख्रिस्ती. गळ्यात क्रूस, आणि रागावला की कान लालभडक! एकदा चिखलाच्या पायांवरून तो खोकी भरणाऱ्या बायकांवर ओरडला. झालं! सगळ्या काम टाकून बाहेर बसल्या आणि आत तोडलेली द्राक्षं तापू लागली.

हा पठ्ठ्या पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यातल्या थोरल्या मावशीच्या पायांशी बसला.

“अवो सायेब, पाप लावता व्हय आमाला?”

“मावशी, आमच्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. मी तर नुसता सुपरवायझर. चुकलो.”

मावशी नमस्काराला वाकली आणि दोघांची डोकी खाडकन आपटली. हसतच सगळ्या उठल्या.

तेवढ्यात मालक चिखलाच्या बुटांनी आत निघाले. मावशीनं तांब्या उचलला.

“थांबा मालक, बूट काढा. आता पाळी तुमची!”

सुपरवायझरचे कान पुन्हा लालभडक झाले. हसू दाबून!