खोली भाड्यानं, देवांसकट

भिंतीला भिंत लागलेली असली की शेजारच्या घरातले किस्से आपल्या घरात येऊन साठतात. मी काही कान लावून बसत नाही. पण आमची खिडकीच गोदाताईंच्या अंगणात उघडते, त्याला मी काय करू?

लढाईची महागाई होती. गोदाताईंचे यजमान अण्णा इथे नगरातच छापखान्यात खिळे जुळवायचे. डोळे अधू झाले आणि नोकरी सुटली. गोदाताईंनी मधली खोली भाड्यानं द्यायची ठरवली. भाडं आलं तरच लेकीची, कुसुमची शाळा चालू राहणार होती. अडचण एकच. त्याच खोलीतल्या कोनाड्यात खंडोबा, भवानी धरून देवांचे पाच टाक होते आणि गोदाताई ते हलवायला तयार नव्हत्या.

"माणूस येईल नि जाईल, देव कुठं जातील?" म्हणायच्या.

*

पहिला भाडेकरू कचेरीतला कारकून. बिचारा झोपाळू. गोदाताई भल्या पहाटे ताम्हन घेऊन खोलीत शिरायच्या आणि त्याच्या उशाशी घंटा बडवायच्या.

एकदा तो हात जोडून म्हणाला, "बाई, घंटा जरा हळू वाजवाल का?"

"वाजवली असती हो. पण आमच्या देवांना कमी ऐकू येतं."

त्यानं महिनाही पुरा केला नाही.

*

मग आला केसाच्या तेलाचा फिरता विक्रेता. साखर तेव्हा रेशनवर. गोदाताई चमचाभर साखरेचा नैवेद्य झाकून ठेवायच्या आणि कुसुम शाळेतून आली की तिला द्यायच्या. तर वाटी रोज रिकामी! देव खातात म्हणून आळीतल्या बायका दर्शनाला यायला लागल्या. मीही गेले. येताना अंगणात तो विक्रेता दिसला. त्याच्या मिशीला साखर होती. मी आपलं गोदाताईंच्या कानात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीत तुरटी कुटून ठेवली. थोड्या वेळानं गडी आडावर चुळा भरतोय, थांबतच नाही. गोदाताई पदर सावरत शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"काय हो, देवांना आज नैवेद्य मानवला नाही वाटतं?"

*

खोली पुन्हा रिकामी. कुसुमची फी तटली. तेवढ्यात साळवे मास्तर विचारायला आले. मिशनच्या शाळेत शिकवायचे, स्वतः ख्रिस्ती. आळी कुजबुजायला लागली. गोदाताईंनी त्यांना उंबऱ्यातच विचारलं, "देवाच्या खोलीत मटण शिजवणार नाही ना?"

"काकू, शाळामास्तराच्या पगारात मटण बसतं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

खोली मिळाली.

*

मास्तर घड्याळाचे पक्के. पूजा उरकल्याशिवाय त्यांना अंथरूण आवरून बाहेर पडता येईना. एकदा गोदाताईंना जाग आली नाही, तर मास्तर दाराशी खाकरले.

"काकू, उठा. तुमचे देव पारोसे बसलेत."

गोदाताई मला म्हणाल्या, "अगं, माझी सासू परत आली. टोपी घालून!"

*

ही वार्ता देवळाली प्रवऱ्याला अण्णांच्या थोरल्या भावाला लागली. उसाचा मळा, पिळदार मिशा. पहिल्या मोटारीनं हजर.

"किरिस्ताव देवापाशी निजतो? काढा त्याला. आन् पोरीची शाळा लई झाली."

"भाऊजी, त्याला काढलं तर शाळा आपोआपच सुटेल."

"मग तर बरंच हाय. न्हाई काढलं तर देव मी घिऊन जातो. थोरला मी हाय."

अण्णा खाली बघत बसले. बाई देव सोडायची नाही, अशी थोरल्यांची खात्री. गोदाताई उठल्या. पाची टाक चिंचेनं घासले, तांबड्या फडक्यात बांधले आणि दिरांच्या हातावर ठेवले.

"न्या. मान तुमचाच. नवरात्राच्या माळा, चंपाषष्ठीची तळी, जागरण-गोंधळ, सगळं आता तुमच्याकडं. आम्ही आळीसकट जेवायला येऊ."

थोरल्यांना नाही म्हणता येईना. फडकं पोटाशी धरून मोटारीत बसले. कुसुम दप्तर घेऊन शाळेत गेली. आणि संध्याकाळी गोदाताईंनी मास्तरांचं भाडं आठ आण्यांनी वाढवलं.

"का हो काकू?"

"आता जागा ऐसपैस झाली ना!"

घट बसायच्या आदल्या दिवशी थोरले फडकं घेऊन पुन्हा दारात. घाम पुसत म्हणाले, "तुमची जाऊ म्हनती, देवांना नगरची हवा मानवती."

गोदाताईंनी हात पुढे केला नाही. "मास्तर इथंच राहणार. कुसुमही शाळेत जाणार."

"जाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. पर हे धरा आधी."

टाक कोनाड्यात बसले. खाटेवर वह्या तपासत बसलेल्या मास्तरांनी चष्म्यावरून एकेक टाक मोजला.

"काकू, पाच बिऱ्हाडकरू वाढले. आता भाडं सहा जणांत वाटा."