बाबांच्या बॅगेची दोन भोकं

मंडळी, उद्या तोरणमाळ चढायचंय आणि माझ्या नायलॉनच्या सॅकची चेन आज तुटली. म्हणून माळ्यावरून बाबांची बॅग काढली. जाड कॅनव्हास, चामड्याचे पट्टे. साठच्या दशकात ती पाठीवर घेऊन बाबा अक्कलकुव्याहून मणिबेलीपर्यंत पायी जायचे, देवीची लस टोचायला. तिला अजून धुराचा, मोहाच्या फुलांचा वास येतो.

पट्टे बदलायला चामड्याचं काम करणाऱ्या सलीमचाचांकडे नेली. ते पट्ट्यावरून बोट फिरवत राहिले.

"बेटा, ही बॅग दोन जणसनी वापरेल शे. हाई भोक उंच माणूसनं, हाई ठेंगणानं. दोन्ही सारखाच घसायेल शेतस."

घरी येऊन आईला विचारलं. पंच्याऐंशीची आई सातपुड्याकडे बघत चक्क लाजली.

"मी बी तेस्ना संगे जाऊ. चढ उना की बॅग मन्ही पाठवर, उतारवर तेस्नी पाठवर. तेस्लेच दम लागे!"

पट्टे तेच ठेवलेत, फक्त तेल पाजलंय. बकल ठेंगण्या मापावर, म्हणजे आईच्या मापावर अडकवलं, मला बरोब्बर बसलं.

आणि मी आजवर सगळ्यांना सांगत आले, डोंगर चढण्यात मी बाबांवर गेलेय. तुम्ही कोणावर गेलात, नक्की माहीत आहे?