कोळंबीच्या सालांवरची साक्ष

अमेरिकेतल्या तमाम मराठी मंडळींमध्ये माशीच्या अळीचं वय काढून पोट भरणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या ट्रॉय गावातल्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पंगतीला, त्यांची ओळख करून देताना मी ‘पोलिसांना मदत करतात’ एवढंच सांगतो. पुढचं ते स्वतः सांगतात, तेही श्रीखंड वाढायच्या वेळी. प्रेतावर माशी अंडी कधी घालते, अळी किती दिवसांत केवढी होते, त्यावरून मृत्यूला किमान किती दिवस झाले ते कसं कळतं, हे सगळं नातवंडांचं कौतुक सांगावं तशा मायेने. खिशात रुमाल नसेल, पण चिमटा, भिंग आणि थर्मामीटर असणारच. घरी आले की आधी आमच्या खोलीचं तापमान बघतात, मग ख्यालीखुशाली विचारतात. कारण उन्हाळ्यात अळी भराभर वाढते, थंडीत रेंगाळते. मी आयटीतला, ‘दोन दिवसांत होईल’ म्हणून दोन महिने लावणारा.

गेल्या जुलैत बायको नागपूरला माहेरी गेली. दर शुक्रवारी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायचा, एवढं एकच काम तिने मला सोपवलं होतं. ती परतली त्या रविवारी साडूंनी तिला एअरपोर्टवरून आणलं आणि गॅरेज उघडताच वास आला. डब्यात कोळंबीच्या सालांवर अळ्या वळवळत होत्या. डबा परवाच रिकामा केलाय, ही सालं त्यानंतरची, असं मी छातीठोकपणे सांगितलं. बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“भाऊजी, तुम्ही सांगा.”

साडू तिथेच मांडी घालून बसले. सगळ्यात मोठ्या अळ्या निवडल्या, माझ्याच चहाच्या कपात गरम पाणी घेऊन त्यात बुडवून ताठ केल्या, भिंगाखाली धरून लांबी मोजली, गॅरेजचं तापमान वहीत लिहिलं. मी मागून जिवाच्या आकांताने खुणा करत होतो.

“किमान पाच दिवस,” ते म्हणाले. “जास्त असतील, कमी नाहीत.”

बायकोने माझ्याशी अबोला धरला. कचऱ्यासाठी नव्हे, खोटं बोललो म्हणून.

त्याच संध्याकाळी मी साडूंना बॅकयार्डमध्ये गाठलं. दोनच दिवस म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं, अळी थोडीच कोर्टात जाणार होती? ते हसले नाहीत.

“मी ज्यांच्यासाठी मोजतो ना, त्यांना कित्येक दिवस कुणी शोधलेलंही नसतं हो. गेले कधी, एवढं तरी त्यांच्याबद्दल खरं सांगायला नको? आज तुमच्यासाठी तीन दिवस कमी केले, तर उद्या तिथेही माझा हात सैल पडेल.”

मला फार लाज वाटली. आणि असंही वाटलं, की या परमुलखात उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर मोजायला हाच माणूस यावा.