बिनबटणांचा रेडिओ

सगळा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेल्यामुळे भोंगाअण्णांना हळू बोलणं म्हणून कधी जमलंच नाही. दुकानात सगळे रेडिओ एकदम बोंबलत असायचे. त्यांच्या वरताण आवाज काढल्याशिवाय गिऱ्हाइकाला ऐकू जायचं नाही. 'भोंगा' हे नाव गल्लीनं ठेवलं आणि अण्णांनी ते खुशाल मिरवलं. लेकही तशीच कडक घशाची निघाली. ती बंदरात टगबोट चालवते, म्हणजे मोठमोठी जहाजं ओढून आत आणते.

त्या दिवशी सकाळी ती वादळात बंद पडलेलं एक जहाज आणायला गेली, आणि दुपारी वाऱ्यानं फोनचा टॉवर आडवा केला. दिवस कलला तरी काही पत्ता नाही. बंदराच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "घरी जाऊन बसा." घरी कसले बसतात! बायको खिडकी सोडेना आणि अण्णांच्या तोंडचं पाणी पळालेलं.

मग त्यांना कपाटातली ती डबी आठवली. दुकान बंद केलं तेव्हा लेकीनं दिलेली, बोटाएवढी, कॉम्प्युटरला लावायची. सगळे रेडिओ म्हणे हिच्यातच. "ना बटण, ना काटा. याला काय रेडिओ म्हणायचं?" असं नाक मुरडून त्यांनी ती आत टाकली होती. आता झक मारत तीच लॅपटॉपला लावली. लॅपटॉप आधी ओळखच दाखवेना. चुकीचा ड्रायव्हर, म्हणजे डबी चालवणारा प्रोग्राम, बसला होता, तो बदलला तेव्हा कुठे पडद्यावर सिग्नलच्या रेघा नाचू लागल्या. जहाजं बंदराशी ज्यावर बोलतात, त्या चॅनेलचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. तो टाकला, तर ऐकू काय यावं? साबणाची जाहिरात! पुढे सरकवलं तरी साबण, मागे आणलं तरी साबण. टेकडीवरचं एफएम स्टेशन सगळीकडे घुसलं होतं.

अण्णांना एकच औषध ठाऊक. ऐकू येत नाही? वाढवा! गेन, म्हणजे सिग्नल किती खेचून घ्यायचा ते, त्यांनी पार टोकाला नेला. साबणवाला आणखीच चेकाळला.

"अहो, कमी करा ना ते!" बायको कळवळून म्हणाली.

"कमी केल्यावर ऐकू काय येणार, कप्पाळ?"

"निदान तो साबण तरी थांबेल!"

घ्या, म्हणून अण्णांनी रागारागानं गेन खाली ओढला. साबणवाला गप्प झाला. मागे बारीकशी खरखर उरली. जवळचं दांडगं स्टेशन आपणच आजवरच्या सवयीनं डोक्यावर बसवून घेतलं होतं, हे ध्यानात येऊन अण्णा स्वतःवरच भडकले. तेवढ्यात खरखरीतून आवाज आला.

"बंदर, बंदर! आम्ही जहाज घेऊन आत येतोय! माणसं सगळी सुखरूप! ऐकू येतंय का?"

लेकच ती. बंदरातला माणूस वैतागून म्हणाला, "येतंय हो बाई, ओरडू नका. कान फुटतील."

बायको खिडकी सोडून अण्णांच्या शेजारी येऊन बसली. रडता रडता तिला हसू फुटलं.

"कोणावर गेलीय, कळलं का?"

"माझ्यावर," अण्णा म्हणाले. इतकं हळू, की शेजारी बसलेल्या बायकोला "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं.